वसईकरांच्या नजरेतून दीव

शुक्रवार

वांद्र्याहून सुटलेली गाडी वेरावळला पहाटेच पोचते आणि स्टेशनबाहेरचा चहा संपेपर्यंत उन्याची बस लागलेली असते. कोडिनारवरून उना, उन्याहून दीव, सगळं मिळून 90 किलोमीटरच्या आसपास. बाहेर ऊस, भुईमूग, नारळ. उन्यात गाडीवरचे गरम गाठिये, सोबत पपईचा संभारो आणि तळलेली मिरची. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डॉक्टरांचं पथ्य तिथेच गुंडाळून ठेवलं.

देलवाडा मागे पडलं की चेकपोस्ट येते. गुजरात दारूबंदीचा आणि दीव केंद्रशासित, त्यामुळे पलीकडच्या पहिल्याच दुकानांच्या पाट्या वाचून माझा नवरा म्हणाला, "इथे किल्ला बघायला कोण येत असेल असं वाटत नाही." बरेच जण येत नाहीतच. शनिवार-रविवारी राजकोट, जुनागड, भावनगरकडून गाड्या भरभरून येतात त्या नागवा बीच आणि बारसाठी. खोल्यांचे भावही तसेच चढतात. जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा. आम्हाला सुट्ट्यांच्या गणितात ते जमलं नाही.

आम्ही मात्र किल्ल्यासाठीच आलो होतो. राहायला आम्ही वसईचे. बाबांचं लहानपण वसईच्या कोटात क्रिकेट खेळण्यात गेलं, आणि तो कोट पोर्तुगीजांना कसा मिळाला याची गोष्ट दीवपाशी येऊन थांबते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीने घेरला गेला. पोर्तुगीजांचा डोळा दीववर होता. त्यांना हाताशी धरायला त्याने 1534 मध्ये आधी वसई दिली, आणि वसईबरोबर साष्टी आणि मुंबईची बेटंही गेली. हुमायून आणखी जवळ आला तेव्हा 1535 मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी द्यावी लागली. म्हणजे दीव वाचवण्यासाठी आमचं गाव आधी पणाला लागलं. बाबा हे सांगताना दरवेळी थोडे चिडतात, जणू सौदा गेल्या वर्षी झालाय.

घोघला ओलांडून खाडीवरच्या पुलावर आलं की समोर बेट दिसतं. लांबी 11 किलोमीटर, रुंदी जेमतेम 3. पुलावरून उजवीकडे-डावीकडे होड्या, आणि पूर्वेच्या टोकाला पिवळसर दगडाची लांबच लांब भिंत.

बस थांबते त्या स्टँडचं नाव जेठीबाई बस स्टँड. ही जेठीबाई मूळची कच्छच्या मांडवीची. दीवला तिचा कापड रंगवण्या-छापण्याचा कारखाना होता असं सांगतात. अनाथ मुलांना सरकारी ताब्यात घेऊन बाटवायचा पोर्तुगीज कायदा होता. त्यावर तिने म्हणे आपल्या कारखान्यातल्या पोरक्या मुलांची लग्नंच लावून टाकली, म्हणजे ती कायद्याने अनाथ राहणार नाहीत. मग एक ओढणी तयार करून तिच्यावर आपला अर्ज उतरवला आणि ती थेट पोर्तुगालच्या राणीला पोचवली. आख्यायिकेत किती भर पडली असेल ती असो, पण गव्हर्नर आणि सुलतानांच्या या गावात स्टँडला एका कापडवालीचं नाव आहे, हे मला फार आवडलं.

हॉटेलबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की गरम पाणी "सकाळी येईल" असं तिथे रोज सांगत होते.

संध्याकाळी बंदरावर. जेट्टीवरून समोर खाडीच्या तोंडाशी पाण्यातच एक छोटा कोट उभा आहे. पोर्तुगीज त्याला समुद्रातला छोटा किल्ला म्हणत, स्थानिक लोक पानीकोठा म्हणतात. आकार थेट गलबतासारखा. वर दीपगृह, आत समुद्रमातेचं लहानसं चॅपेल. पुढे त्याचा तुरुंगही झाला. किल्ला आणि पानीकोठा यांच्या मधूनच बंदरात शिरायची वाट, त्यामुळे जकात चुकवून आत येणं कठीण. पोर्तुगीजांचा सगळा धंदाच तो होता. त्यांचा परवाना, कार्ताझ, नसेल तर अरबी समुद्रात जहाज फिरवायची सोय नव्हती, आणि गुजरातच्या जहाजांनी दीवला येऊन जकात भरायची. मोठं राज्य हवं होतं कोणाला? नाकं हातात असली की पुरे.

शनिवार

सकाळी आठलाच किल्ल्यावर. उन्हं चढल्यावर इथे सावली शोधावी लागते, म्हणून टोपी आणि पाणी घ्याच.

दीवचा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात आणि चौथ्या बाजूला खडक कापून केलेला खंदक. खंदकात भरतीचं पाणी शिरतं. पुलावरून आत गेलं की दारापाशी पोर्तुगीज शिलालेख भिंतीत बसवलेले आहेत. पुढे आणखी एक खंदक, आणखी एक भिंत. वसईच्या कोटात आत वस्ती होती, रस्ते होते, मठ होते. ते तटबंदीतलं शहर. दीवचा किल्ला निव्वळ लढण्यासाठी बांधलेला आहे आणि शहर त्याच्या पश्चिमेला, वेगळ्या तटबंदीत. बाबा दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळे झाले, "आपला मोठा, पण हा पक्का."

तो पक्का होण्यामागे जे घडलं ते इथे उभं राहूनच नीट समजतं.

सुरुवात आपल्याकडे, चौलला झाली. मार्च 1508 मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी मिळून चौलच्या नदीमुखात पोर्तुगीज जहाजांना गाठलं. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो तिथे होता. त्याचं जहाज कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो मारला गेला. रेवदंड्याच्या पाण्यातले खुंट! बापाने सूड घ्यायचं ठरवलं आणि 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवच्या समोर मामलूक, गुजरात आणि कालिकतच्या सामुद्री राजाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. तरी दीव त्याला मिळालं नाही. मलिक अयाज मुत्सद्दी होता. त्याने चौलला पकडलेले कैदी नीट खाऊपिऊ घालून सांभाळले होते, ते त्याने परत केले आणि गाव वाचवलं. 1531 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा मोठा ताफा घेऊन आला, तोही हात हलवत परतला. जे तोफांनी मिळालं नव्हतं ते हुमायूनच्या धाकाने मिळालं.

हुमायून माघारी गेल्यावर बहादूरशहाला या सौद्याचा पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी 1537 मध्ये तो नुनो द कुन्हाला त्याच्या जहाजावर भेटायला गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत इथेच समुद्रात मारला गेला. कोणी घात केला यावर दोन्हीकडच्या बखरी भांडत बसल्यात. लगेच 1538 मध्ये इजिप्तचा उस्मानी सुभेदार सुलेमान पाशा आरमार घेऊन वेढ्याला आला. पोर्तुगीज किल्लेदार आन्तोनिओ द सिल्वेइराने मूठभर माणसांनिशी किल्ला धरला आणि नोव्हेंबरात पाशा निघून गेला.

दुसरा वेढा 1546 चा, आणि जास्त भयंकर. गुजरातचा सरदार ख्वाजा सफर एप्रिलपासून भिंतीला भिडला. पावसाळ्यात गोव्याहून कुमक यायची वाट बंद. हे सगळं त्याच्या हिशेबात होतं. तो स्वतः वेढ्यातच तोफेच्या गोळ्याने मेला, मग त्याचा मुलगा रूमीखान उभा राहिला. ऑगस्टमध्ये एका बुरुजाखाली सुरुंग उडवला आणि त्या ढिगाऱ्यात गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा मुलगा फर्नांदो गाडला गेला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः आला, किल्ल्याचे दरवाजे उघडून बाहेर पडला आणि वेढा मोडला.

पण किल्ला राहिला होता कुठे? भिंती पडलेल्या, खजिना रिकामा. कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाची हाडं पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत उकरून काढण्याच्या अवस्थेत नव्हतं. मग त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले. आज आपण बघतो त्या भिंतींतल्या बऱ्याचशा त्या पैशातून पुन्हा उभ्या राहिल्या.

ही गोष्ट मी नवऱ्याला एका बुरुजावर बसून वाचून दाखवत होते, तर बाबा म्हणाले, "आणि हप्ते?" पाहिलंय कोणी. पण प्रश्न रास्त आहे.

तटावर तोफा जागच्या जागी आहेत. बहुतेक लोखंडी, गंजून पापुद्रे सुटलेल्या. हात लावला तर तळव्याला तांबडी भुकटी लागते. काही पितळी वर्णाच्या, काशाच्या, आणि त्या बघायला खाली बसावं लागतं. एकीच्या पाठीवर पोर्तुगालचं राजचिन्ह उठून दिसत होतं, पाच छोट्या ढाली आणि भोवती किल्ल्यांची रांग. उचलायच्या कड्या डॉल्फिनच्या आकाराच्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला दोर घासून गुळगुळीत झालेली खोबण. बोट फिरवलं की ती बरोबर बोटाच्या रुंदीची. पोरं तोफेवर घोडा घोडा करून फोटो काढत होती, त्यांना कोण अडवणार! बहादूरशहासाठी 1533 मध्ये ओतलेली सगळ्यांत दांडगी तोफ मात्र दीवला नाही. ती पोर्तुगीजांनी नेली, आता लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

किल्ल्याच्या एका भागात अगदी अलीकडच्या काळापर्यंत तुरुंग होता. दीपगृहाच्या बाजूला चढून गेलं की शहर, खाडी, पानीकोठा आणि घोघल्याचा वाळूचा पट्टा एका नजरेत येतो. डिसेंबर 1961 मध्ये हीच खाडी ओलांडायचा भारतीय सैन्याचा पहिला प्रयत्न मशीनगनच्या माऱ्यामुळे फसला होता. मग वरून हवाई दल आणि समुद्रातून आयएनएस दिल्ली. ही दिल्ली म्हणजे न्यूझीलंडची जुनी अकिलीज, दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जर्मन ग्राफ श्पीशी लढलेली क्रूझर. तिने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. पोर्तुगीज गस्ती नौका वेगा विमानांनी बुडवली, तिचा तरुण कप्तान तिच्यावरच मेला. गोव्याबरोबर दीवही सुटलं.

वसई चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेतली. दीव त्यानंतर आणखी 222 वर्षं पोर्तुगीजांकडे राहिलं. दोन्हीकडच्या दगडांतला फरक यातून आलाय. आमच्याकडे चर्चचे छप्पर गेलेत आणि भिंतींतून वड-पिंपळ निघालेत. घंटा तर भीमाशंकर, मेणवलीला पोचल्या. इथे सगळं वापरात राहिलं.

रविवार

शहरातली तीन मोठी चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पैकी सेंट पॉल एकच चर्च म्हणून चालू आहे. जेझुइटांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेलं. दर्शनी भिंतीवर शंखशिंपल्यांची आणि वेलबुट्टीची नक्षी इतकी दाट की डोळा कुठे टेकवावा कळत नाही. आत वेदीमागची लाकडी भिंत काळसर, कोरलेली, छतापर्यंत गेलेली. आमच्या वसईच्या चर्चमध्ये रविवारी मिस्साला उभं राहायला जागा नसते. इथे बाकं बरीचशी मोकळी होती. ख्रिस्ती वस्ती आता थोडी उरली आहे.

सेंट थॉमसमध्ये संग्रहालय केलंय, लाकडी संतांच्या जुन्या मूर्ती ठेवल्यात. काहींचे हात गेलेत, रंग उडालेत. अर्धा तास पुरतो. टेकडीवर असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं जे चर्च होतं, तिथे इस्पितळ झालं. गावात त्या टेकडीवरून दिशा ओळखता येतात.

मला चर्चपेक्षा गल्ल्या आवडल्या. जुन्या दीवमध्ये वाणी व्यापाऱ्यांच्या हवेल्या आहेत, नगरशेठची हवेली त्यांत प्रसिद्ध. रंगीत भिंती, लाकडी सज्जे, दारावर फळं-फुलं आणि पोपट कोरलेले. हा पैसा आफ्रिकेतून आला. दीवचे वाणी मोझांबिकला कापड नेत आणि हस्तिदंत आणत. 1686 पासून दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दीवच्या वाण्यांच्या मंडळीकडेच होता. पुढे माणसंही तिकडे गेली, मोझांबिक, मग लिस्बन, मग इंग्लंड. 1961 च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, त्यामुळे निम्म्या हवेल्यांना कुलूप. एका ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "क्यांथी आव्या?" वसई सांगितलं. मग त्यांनी नातू लेस्टरला असल्याचं सांगितलं, आणि आम्हाला बसायला लावून पाणी दिलं. गुजराती समजत असेल तर दीव दुप्पट आवडेल.

गावाच्या पश्चिम तटात झांपा दरवाजा आहे. लाल रंगवलेला, भिंतीवर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेला. कोरणारा हात बहुधा इथलाच असावा, कारण सिंहांच्या चेहऱ्यावर मंदिरातल्या सिंहांची ऐट आहे. दरवाज्याच्या आत एका छोट्या चॅपेलमध्ये 1702 साल घातलेली प्रतिमा आहे.

झांपाच्या बाहेर जवळच नायडा गुंफा. नाव गुंफा, पण आत शिरलं की छिन्नीचे चौकोनी घाव दिसतात, पायरीसारखे कापलेले थर दिसतात. किल्ल्यासाठी आणि तटासाठी पोर्तुगीजांनी इथून दगड काढला असं मानतात, आणि ते पटतं. वरून छताला भगदाडं आहेत, मुळ्या खाली लोंबतात, दहा-अकराच्या सुमाराला उन्हाचे पट्टे तिरके उतरतात. सुंदर जागा आहे. लग्नाआधीच्या फोटोवाल्या जोडप्यांनी ती ओळखली आहे, त्यामुळे दर कोपऱ्यात कोणीतरी घागरा सावरत उभं. लवकर जा.

पारशांच्या परंपरेप्रमाणे इराणहून निघालेले त्यांचे पूर्वज आधी दीवला उतरले, 19 वर्षं राहिले आणि मग संजाणला गेले. बेटावर त्यांचा जुना दखमा, म्हणजे मृतदेह ठेवायचा मनोरा, आहे. आम्ही तो बाहेरूनच पाहिला.

रस्त्यात दिसणारी, खोडाला फांद्या फुटलेली ताडाची झाडं म्हणजे होका. ताडाला फांदी नसते एवढंच आपल्याला ठाऊक, त्यामुळे पहिल्यांदा दचकायला होतं. तपकिरी फळं टोपलीत विकायला असतात. वरचा गर चिवट, थोडा गोडसर. बाबांनी एक चघळून पाहिलं आणि उरलेली पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.

सोमवार

सोमवार म्हणून बाबांना गंगेश्वरला जायचंच होतं. फुदम गावाजवळ कड्याखाली, खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आहेत, पांडवांनी स्थापलेली म्हणतात. भरती आली की लाटा पिंडींवरून जातात. अभिषेक समुद्रच करतो, पुजाऱ्याला काम नाही. पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, म्हाताऱ्या माणसांना हात द्या.

तिथून स्कूटरने बेटाचं पश्चिम टोक, वणाकबारा. दीव शहरात पर्यटक पोट भरतात, इथे मासळी. धक्क्यावर ट्रॉलरची दाटी, खारव्यांच्या झेंडे लावलेल्या नावा, बर्फाचे ट्रक, आणि किनाऱ्यावर अर्धवट बांधलेली लाकडी नाव. वास आम्हाला घरचा, वसईच्या पाचूबंदरचाच. माझ्या नवऱ्याने मासळीचे भाव विचारले आणि वसईच्या भावांशी तुलना करत बसला. जाफराबाद इथून पूर्वेला. ते सौराष्ट्रातलं बंदर 1948 पर्यंत आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या ताब्यात होतं. म्हणजे एकीकडे वसईचे पोर्तुगीज, दुसरीकडे मुरुडचा सिद्दी. आपल्या किनाऱ्यावर जी मंडळी शेजारी शेजारी नांदली आणि भांडली, तीच इथेही शेजारी होती.

परतताना खुकरी स्मारक. समुद्राकडे तोंड केलेली टेकडी, वर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

बाबा माझगाव डॉकला वेल्डर होते. वसईची पहिली लोकल, डॉकयार्ड रोड, जाळी लावलेला मुखवटा, असं आयुष्य गेलं. ही खुकरी इंग्लंडात बांधलेली, पण तिचं नाव घेऊन पुढची जी खुकरी 1989 मध्ये नौदलात आली ती माझगावची, देशात बांधलेल्या त्या वर्गातली पहिली कॉर्व्हेट. 2021 मध्ये ती निवृत्त झाली आणि नंतर दीवच्या प्रशासनाकडे सोपवली. बाबा काचेतल्या जहाजापाशी बराच वेळ वाकून उभे होते. मग मला म्हणाले, "आमच्या खुकरीला पुढची प्लेट लावताना उलटं झोपून वेल्डिंग करायला लागायचं. ठिणग्या कॉलरमधून आत जायच्या." शर्टाची कॉलर बाजूला करून त्यांनी गळ्याखालचा पांढरट डाग दाखवला. इतकी वर्षं मी तो देवीचा समजत होते.

दुपारच्या बसने निघालो. चेकपोस्टवर पोलिसांनी बॅगा उघडायला लावल्या. आमच्याकडे निघाले सुके बोंबील आणि होक्याची ती पिशवी. वेरावळहून परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून सोमनाथ उरकून घेतलं, गर्दी होती. गाडीत बसल्यावर बाबांनी नवऱ्याला विचारलं, "जाफराबादला किल्ला आहे ना रे?" आहे. पुढच्या थंडीत रजा टाकावी लागणार, असं दिसतंय.